मालक म्हणजे बाप, मग फडणीस कशाला ठेवला होता?

आमच्या बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या गणपती मंडळाच्या ग्रुपवर चार दिवस एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: आशियातल्या कंपन्या घरासारख्या चालतात, मालक म्हणजे बाप, म्हणूनच जपानमध्ये हजार हजार वर्षांच्या कंपन्या आहेत. कुटुंब असतं तिथे घोटाळा होत नाही. स्वतंत्र संचालक (मालकाशी लागेबांधे नसलेले), हिशेब तपासणारी ऑडिट कमिटी ही गोऱ्यांची थेरं, आपल्या रक्तातली नाहीत, आणि ती चालत नाहीत हे सत्यमने (हैदराबादची घोटाळ्यात बुडालेली सॉफ्टवेअर कंपनी) दाखवलंच. खाली हात जोडलेले. ज्या काकांनी टाकलाय त्यांचा मान ठेवूनच लिहितोय, पण २२ वर्षं मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) अकाउंट्स सांभाळलेत, गप्प बसवेना.

आधी ते रक्ताचं बघू. काका, हे तुम्ही दांडियाबाजारात बसून म्हणताय! आपल्या बडोद्यात फडणीस, मुजुमदार, चिटणीस, पोतनीस अशी किती घरं आहेत मोजा. ही आडनावं आली कुठून? पेशवाईत मामलेदाराच्या कचेरीत दरखदार असायचे, लिहिणारा एक, हिशेब तपासणारा (फडणीस, मुजुमदार) दुसरा, रोकड तिसऱ्याकडे. आणि खरी मेख अशी की मामलेदाराला यांना काढून टाकता यायचं नाही, ते अधिकार वरच्यांचे. म्हणजे साहेबाला 'हा खर्च बसत नाही' असं सांगणाऱ्याची भाकरी साहेबाच्या हातात नव्हती. स्वतंत्र संचालक म्हणजे याहून वेगळं काय असतं हो? आता सगळ्यांनी मिळून खायचं ठरवलं की कुठलीच व्यवस्था चालत नाही, ते तेव्हाही आणि आजही. आणि सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा काढली ती काय राजवाड्यातली पेटी म्हणून नाही काढली, रीतसर कंपनी कायद्याखाली काढली. राजा होते, प्रजेचा बाप म्हणवून घेणं त्यांना शोभलंही असतं.

जपान. ती हजार वर्षांची कंपनी म्हणजे बहुतेक काँगो गुमी, ओसाकाची, देवळं बांधणारी, सन ५७८ पासूनची. मेसेजमध्ये पुढचं गाळलंय. जपानमध्ये जमिनीचे भाव चढलेले तेव्हा त्यात कर्ज काढून पैसा घातला, भाव कोसळले आणि २००६ मध्ये धंदा दुसऱ्या बांधकाम कंपनीकडे गेला. आणि एवढी शतकं टिकली ती 'पोरगा आहे म्हणून गादी' करून नाही, पोरगा लायक नसेल तर कर्तबगार जावई दत्तक घ्यायचे, त्याला घराण्याचं आडनाव द्यायचे. सुझुकीचे ओसामू सुझुकी तसेच, मूळचे मात्सुदा. आपल्याकडे कुठल्या शेठला सांगून बघा, पोरगा बाजूला ठेवा आणि जावयाला आडनाव द्या म्हणून.

बापाला उलट बोलायचं नाही या संस्काराचं काय होतं ते ऑलिंपस या जपानी कॅमेरा कंपनीत दिसलं. मायकल वुडफर्ड, ३० वर्षं त्याच ग्रुपमध्ये काढलेला माणूस, ऑक्टोबर २०११ मध्ये सीईओ झाला, जुन्या खरेद्यांमध्ये सल्लागारांना एवढी अफाट फी का दिली विचारत होता, आणि १४ ऑक्टोबरला बोर्डाने एकमताने घरी पाठवला. नंतर निघालं की नव्वदच्या दशकापासूनचे गुंतवणुकीतले तोटे झाकायला हे सगळं चाललेलं. तोशिबाचंही तसंच, तिथे तर ऑडिटसारख्या कमिट्या २००३ पासूनच होत्या. वरून 'चॅलेंज' यायचं, म्हणजे एवढा नफा दाखवाच, आणि खालचे दाखवायचे. २०१५ मध्ये चौकशीवाल्यांनी स्पष्ट लिहिलं की वरिष्ठांच्या मर्जीविरुद्ध जायची तिथे पद्धतच नव्हती.

कुटुंब असलं की घोटाळा नाही, याला कोरिया पुरे. सॅमसंगचे ली कुन-ही करचुकवेगिरीत दोषी, २००९ च्या शेवटी माफी मिळाली, मुलगा पुढे लाचेच्या केसमध्ये दोषी, त्यालाही २०२२ मध्ये माफी. बाप-लेक दोघंही.

आता सत्यम, कारण सगळ्यात जास्त लोक याच ओळीवर माना डोलवतायत. खरंय, बोर्डावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, हैदराबादच्या बिझनेस स्कूलचे डीन होते, २००८ मध्ये कंपनीला उत्तम कारभाराचं बक्षीसही मिळालं होतं. पण १६ डिसेंबर २००८ ला बोर्डासमोर आलं काय? सत्यमचे संस्थापक रामलिंग राजू यांच्या मुलांच्या मेटास नावाच्या दोन कंपन्या सत्यमच्या पैशाने विकत घ्यायचा ठराव (Maytas, उलटं वाचलं की Satyam). बोर्डाने पास केला. अडवला कोणी, तर बाहेरच्या गुंतवणूकदारांनी, ते एवढे भडकले की काही तासांत व्यवहार रद्द. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारीला, राजूंचं पत्र आलं की बँकेत दाखवलेले ५,००० कोटींहून जास्त रुपये नाहीतच. मग यात संशयी परके नडले का घरची माणसं? नियम होता, पण 'नाही' म्हणणारे बसलेले नव्हते, एवढंच सत्यमने दाखवलं.

आमच्या कंपनीतलं सांगतो. पॅकिंगची खोकी शेठच्या साडूच्या फर्मकडून यायची, बाजारापेक्षा महाग, सगळ्यांना माहीत. बँकेने एकदा तीन कोटेशनं मागितली तर तिन्ही साडूंच्याच टेबलवरून आली, लेटरहेड वेगवेगळी. व्हाऊचरवर सही माझी आहे. शेठ वाईट नव्हते हो, माझ्या बायकोच्या ऑपरेशनला न मागता पैसे दिलेले, आणि म्हणूनच तर तोंड उघडलं नाही. भागीदाराच्या विधवेला मात्र दरवर्षी नफा कमी दिसायचा, आणि त्या विश्वासावर होत्या.

मेसेजच्या शेवटी 'छोट्या कारखानदारावरही हे लादलंय' असंही आहे. साफ खोटं. प्रायव्हेट लिमिटेडला स्वतंत्र संचालक लागतच नाहीत. लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारातल्या, कंपन्यांना लागतात, आणि लिस्टेड नसलेल्या पब्लिक लिमिटेडपैकी मोठ्यांना, म्हणजे १० कोटी भांडवल, १०० कोटी उलाढाल किंवा ५० कोटी देणी असली तर.

एक गोष्ट मात्र काकांची मान्य. आपल्याकडे स्वतंत्र संचालक बऱ्याचदा शेठचा गोल्फचा मित्र असतो. सेबीने (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) २०२२ पासून लिस्टेड कंपन्यांत त्याच्या नेमणुकीला आणि काढायलाही विशेष ठराव सक्तीचा केलाय, म्हणजे साधारणपणे पडलेल्या मतांपैकी ७५ टक्के लागतात. बरं केलं. पण प्रवर्तकाला, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकाला, ७५ टक्केपर्यंत शेअर ठेवायला मुभा आहे. ज्याने तेवढे ठेवलेत त्याच्या कंपनीत फडणीस नेमणारा आणि काढणारा तोच, मामलेदार.