मामांनी पाठवलेल्या मेसेजला उत्तर

गेल्या महिनाभरात हा मेसेज मला चार ठिकाणांहून आला. गल्लीतल्या मंडळाच्या ग्रुपवर, भाऊबंदांच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचवर, आणि शेवटी मामांनी थेट मलाच पाठवला. मजकूर थोडक्यात असा: लोकसंख्येचा स्फोट झालाय. माणसं गुणाकारानं वाढतात, धान्य बेरजेनं. बेळगावचं पाणी, बळ्ळारी नाला, खानापूरचं जंगल, सगळं बिघडलं ते माणसं वाढल्यामुळं. ‘त्यांची’ पोरं लवकरच आपल्याला मागं टाकणार. तेव्हा दोन अपत्यांचा कायदा, हा एकच उपाय. खाली लाल अक्षरांत ‘जागे व्हा’.

मामा स्वतः सहा भावंडांत पाचवे. हे त्यांना लिहिलं नाही, इथं लिहितोय.

आधी स्फोटाचं बघू. 1991 ते 2001 या दहा वर्षांत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 17 टक्क्यांहून जास्त वाढली होती. पुढच्या दहा वर्षांत ती वाढ 13.4 टक्क्यांवर आली. 2011 ला जिल्ह्यात 47 लाख 80 हजारांच्या आसपास माणसं होती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकात एका बाईला सरासरी 1.7 मुलं निघाली. पिढीच्या जागी पिढी यायला 2.1 लागतात. म्हणजे आपण त्या रेषेच्या खाली येऊन बरीच वर्षं झाली. आकडा अजून चढतोय हे खरं, कारण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जन्मलेली मोठी पिढी आता आईबाप होते आहे. प्रत्येकाला एक-दोनच झाली तरी आईबापच जास्त, म्हणून पोरं जास्त. ही चढण संपायला काही दशकं जातील. जगाचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अंदाजात 2080 च्या दशकात सुमारे 1030 कोटींवर शिखर, मग उतार. याला स्फोट म्हणायचं तर खानापूरच्या आडगावांतल्या मराठी शाळांत पटसंख्या का घटते, याचंही उत्तर मेसेज लिहिणाऱ्यानं द्यावं.

गुणाकार आणि बेरीज हे गणित माल्थस नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचं, 1798 चं. 1950-51 मध्ये देशात सुमारे 5 कोटी टन धान्य पिकत होतं, 2022-23 मध्ये सुमारे 33 कोटी टन. माणसं तेवढ्या काळात चौपट झाली, धान्य सहापटीहून जास्त. त्याची किंमत जमिनीनं मोजली, ते वेगळं. कृष्णाकाठी क्षारपड झालेल्या रानांत उभं राहिलं की ती दिसते.

आता बळ्ळारी नाला. इथं जरा थांबतो, कारण मेसेजमधलं हे वाक्य वाचून मला खरा राग आला. शहापूर, वडगाव, येळ्ळूरचं शिवार म्हणजे बेळगाव बासमतीचं शिवार. भात शिजायला लागला की वास शेजारच्या घरात जायचा, असं आजी सांगायची. त्या शिवारातून हा नाला जातो. पाऊस जोराचा झाला की गाळ, जलपर्णी आणि शहराचं सांडपाणी घेऊन तो काठ सोडतो, आणि लावलेलं रोप कुजतं. मग दुबार लावणी, नाहीतर हात डोक्याला. हे दरवर्षीचं. पण नाला कुणाच्या घरी तिसरं पोर झालं म्हणून अरुंद होत नाही. तो अरुंद होतो काठावर भराव टाकला की. काळी जमीन पाणी मुरवते, डांबर आणि काँक्रीट मुरवत नाही. हलगा-मच्छे बायपाससाठी याच सुपीक पट्ट्यातून रस्ता नको म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं भांडले. तो रस्ता जन्मदरानं आखला नव्हता. आणि गुंठ्यागुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटमधून एकदा पायी फिरून या. चार कोपऱ्यांना चार दगड, मधे गवत. विकत घेणारा कुठं पुण्यात, कुठं गोव्यात, भाव चढायची वाट बघत. माणसांना राहायला जागा पुरेना म्हणून शेती गेली, हे त्या गवताकडं बघून कसं म्हणायचं?

पाण्याचं गणित तर मामांनाही जमेल, ते ऊसवाले. उसाला वर्षाला किमान 1500 मिलिमीटर पाणी लागतं. अथणी-रायबागकडं त्यातलं 500 पावसानं दिलं असं धरा. उरलं 1000 मिलिमीटर, ते नदीतून किंवा बोअरमधून. एकरी 40 लाख लिटर झालं. शहरात माणशी रोज 135 लिटर हे सरकारी प्रमाण. पाच जणांच्या घराला वर्षभरात अडीच लाख लिटर भरत नाही. म्हणजे एक एकर उसाच्या पाण्यात सोळा घरांची वर्षाची तहान भागते. ऊस लावू नका असं मी म्हणत नाही, आमच्याही घरात बिलाच्या पैशानं लग्नं झालीत. पण हिडकल डॅमची क्षमता 51 टीएमसी असताना बेळगावच्या कितीतरी नळांना रोज पाणी का नाही, याचं खापर बाळंतिणींवर फोडू नका, एवढंच.

खानापूरच्या जंगलाला एकच ओळ पुरे: भीमगड अभयारण्याच्या आतल्या गवाळी, आमगावात पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावरून न्यावं लागतं, आणि तिथली पोरं गोव्याला कामाला जातात, मग माणसांच्या गर्दीनं जंगल बिघडलं कसं म्हणायचं?

‘त्यांची’ पोरं. 1992-93 मध्ये मुसलमान बाईला सरासरी 4.4 मुलं, हिंदू बाईला 3.3. 2019-21 मध्ये 2.36 आणि 1.94. कुणाचा आकडा जास्त घसरला ते वजाबाकी करून बघा. त्याच पाहणीत जम्मू-काश्मीरचा आकडा 1.4 आहे, बिहारचा 3. धर्मानं ठरत असतं तर उलट यायला हवं होतं. मुलगी किती शिकली, लग्न कितव्या वर्षी झालं, पहिलं मूल जगेल याची खात्री आहे का, यावर ते ठरतं.

राहिला कायदा. त्याचा प्रयोग आपल्या उंबऱ्यावरच झालाय. वेंगुर्ले रस्त्यानं निघालात की शिनोळीला महाराष्ट्र लागतो. त्या बाजूला 2001 पासून तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. या बाजूला कर्नाटकात तशी अट नाही. दोन्हीकडं भाषा तीच, सोयरीक तीच, बाजारही तोच. वीस वर्षांनी दोन्ही राज्यांचा जननदर किती? महाराष्ट्र 1.7, कर्नाटक 1.7. आंध्रनं तर 2024 मध्ये ही अट काढूनच टाकली, तिथं आता म्हाताऱ्यांच्या वाढत्या संख्येची काळजी आहे.

एवढं सगळं मामांना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, “मग माणसं वाढूलाल्यात ते खोटं काय गा?” खोटं नाही, मी लिहिलं, पण नाल्याकाठचा तुमचा अर्धा एकर चार वर्षांपूर्वी दिलात, तिथं आता किती घरं झाली?

बराच वेळ काही नाही. मग आलं: “पुण्याच्या पार्टीनं घेतलाय. बांधकाम काय नाही अजून. गवत वाढूलालंय.”