शिक्का तर आधीच बसलाय

मागच्या रविवारी घरच्यांच्या व्हिडिओ कॉलवर तासभर एकच विषय. नाशिकला माझ्या मावसभावाची मुलगी सव्वाचार वर्षांची आहे, अजून वाक्य बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, फिरत्या पंख्याकडे मात्र अर्धा अर्धा तास बघत बसते. डॉक्टरांनी ऑटिझमची तपासणी करून घ्या म्हणून सांगितलंय. वहिनी तयार आहे, बाकी कोणीच नाही. "अगं हिचा बाप पण चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता", "एकदा शिक्का बसला की जन्मभर पुसत नाही", "उद्या लग्नाचं काय", आणि मग मला, "तुझं ठीक आहे गं, तिकडे सगळं सरकार करतं."

ते शेवटचं वाक्य मला फार लागलं.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, आणि आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. डॉक्टरांनी त्याचं नाव पुढे पाठवल्यापासून तपासणीची तारीख मिळेपर्यंत दोन वर्षं चार महिने गेले. पुढे शाळेतल्या मदतीचा अर्ज. इथे ईएचसी प्लॅन म्हणून एक कागद असतो, २०१४ च्या कायद्याने आलेला, त्यात मुलाला काय मदत द्यायची ते लिहिलेलं असतं आणि ती देणं मग बंधनकारक होतं. अर्जापासून २० आठवड्यांत तो हातात पडायला हवा. आमच्या कौन्सिलने, म्हणजे इथल्या महापालिकेने, मुलाची गरज तपासायलाच नकार दिला. आम्ही ट्रिब्युनलला, म्हणजे अशा नकारांविरुद्धची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, गेलो. इंग्लंडमध्ये निकालापर्यंत जाणाऱ्या अशा केसेसपैकी ९५ टक्क्यांहून जास्त आईवडिलांच्या बाजूने लागतात, मग कौन्सिलवाले आधी नाही का म्हणतात, तर सगळे भांडायला जात नाहीत म्हणून. ज्यांना इंग्रजी नीट येत नाही, ज्यांच्या दोन दोन शिफ्ट असतात, ते आईबाप नकाराचं पत्र घडी करून ठेवून देतात, मी पाहिलेत असे.

प्लॅनचा पहिला मसुदा आला त्यात लिहिलं होतं, मुलाला "गरजेनुसार मोठ्यांची मदत उपलब्ध राहील". वाचायला किती छान वाटतं. पण गरज कोण ठरवणार, किती तास, कोणाची मदत? महिनाभर रोज रात्री मुलगा झोपला की आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर फाईल उघडून बसायचो, आणि शेवटी त्या जागी "आठवड्याला २० तास, प्रशिक्षित व्यक्तीकडून" असं लिहून घेतलं. त्या एका ओळीवर त्याची शाळा चाललीय. ती सरकारने आपणहून दिलेली नाही.

आणि भारतात काही नाही असं जे आपण सरसकट बोलतो ना, ते पण खरं नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम आहे, लर्निंग डिसॅबिलिटी पण आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये लहान मुलांच्या लवकर तपासणीची केंद्रं आहेत. डिस्लेक्सियाच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती महाराष्ट्राने १९९६ मध्येच दिल्या, तीस वर्षं होत आली. प्रमाणपत्र काढलं की सगळं सुरळीत होईल असं मी अजिबात म्हणत नाही. स्पेशल एज्युकेटर पुरेसे नाहीत, वर्गात मुलासोबत बसून मदत करणाऱ्या शॅडो टीचरचा पगार बहुतेक ठिकाणी आईवडीलच देतात, पुण्यामुंबईच्या बाहेर गेलं की स्पीच थेरपीसाठी एसटीने दोन दोन तास जाणारे लोक आहेत. हे सगळं मान्य. पण मागायला जायचं तर हातात कागद लागतो, आणि कागद आपण लाजेपोटी काढत नाही.

शिक्का नको म्हणणाऱ्यांना मला एकच विचारायचंय, आत्ता त्या पोरीवर काय बसलाय मग? हट्टी आहे, लाडावलीय, आईनेच मोबाईल दिला हातात म्हणून झालं असं. हे तिला नातेवाईक म्हणतात, बिल्डिंगमधले म्हणतात, आणि तिच्या आईला ते रोज ऐकावं लागतं. माझ्या मुलाला पण पाच वर्षांचा होईपर्यंत सगळे आगाऊ म्हणत होते. निदान झालं त्या दिवशी मी खूप रडले, पण त्यानंतर मी त्याच्यावर ओरडायची थांबले, कारण बाजारातल्या गोंगाटात तो कान झाकून खाली का बसतो हे मला पहिल्यांदा कळलं.

भारतातलं जे मला इथे कुठल्याच प्लॅनमध्ये लिहून घेता येत नाही ते पण सांगते. जानेवारीत साताऱ्याला गेलो होतो. आईने मटार सोलायला घेतले आणि काही न बोलता एक ताट त्याच्यापुढे सरकवलं. त्याने दाणे सोलून ताटात रांगा लावल्या, मोठे एकीकडे, बारके एकीकडे, तासभर. शेजारच्या काकू येऊन बसल्या, त्यांनी पण शेंगा घेतल्या, कोणी त्याला "माझ्याकडे बघ", "बोल ना" म्हटलं नाही. शेवटी त्यानेच एक दाणा उचलून आजीच्या तोंडात घातला. इथे त्याला वर्गातल्या मुलांच्या वाढदिवसाचं बोलावणं गेल्या दोन वर्षांत आलेलं नाहीये. म्हणून परत या म्हणणाऱ्यांचं पण मला पटतं कधी कधी, खूप पटतं, आणि मग ते २० तास आठवतात.

काल वहिनीचा मेसेज आला, मंगळवारी सिव्हिलला जातेय, सासूबाईंना अजून सांगितलं नाही, सोबत काय काय नेऊ? मी लिहिलं, लसीकरणाचं कार्ड ने, ती जे शब्द बोलते ते सगळे एका कागदावर लिही, नऊच असले तरी लिही, आणि पंख्याकडे बघत बसते तेव्हाचा व्हिडिओ काढून ठेव, तपासणीच्या खोलीत ती तशी बसेलच असं नाही.