तुकडा तपासल्याने कॅन्सर मानेत उतरत नाही

गुहागरच्या माझ्या आत्याने गालाच्या आतील, कित्येक आठवडे न भरलेल्या जखमेचा तुकडा तपासायला देण्यास साफ नकार दिला, आणि त्याचे कारण म्हणून तिने मोबाइलवर आलेला एक संदेश पुढे केला. जखमेला पाते लागले की कॅन्सर मानेत उतरतो, मानेतील न दुखणारी गाठ निरुपद्रवी असते, ती हळद लावून चोळली की विरघळते आणि मशेरी भाजलेली असल्याने तिच्यात दोष उरत नाही, असे त्यात ठामपणे लिहिले आहे.

यांतला पहिला दावा माणसाचा जीव घेणारा आहे. मानेकडे जाण्याची वाट पाते पाडत नाही, ती वाट तोंडातील कॅन्सर स्वतःच तयार करतो. कॅन्सरच्या पेशी आणि त्यांच्या भोवतालच्या काही पेशी व्हीईजीएफ-सी नावाचे प्रथिन सोडतात; ते जवळच्या लसिकावाहिन्यांच्या, म्हणजे शरीरातील लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या, अस्तरावरील ग्राहकांना (ते प्रथिन ओळखून धरणाऱ्या रेणूंना) चिकटते आणि त्या वाहिन्यांना नवे फाटे फुटू लागतात. या बारीक वाहिन्यांच्या भिंतींचे सांधे सैल असल्याने पेशी सहज आत शिरतात आणि मानेतील लसिकाग्रंथींत जाऊन अडकतात. हे सारे डॉक्टरांनी जखम पाहण्याआधीच सुरू झालेले असू शकते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत निर्णायक आहे. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या अवस्थेत असलेल्या आणि मानेत गाठ हाताला न लागणाऱ्या रुग्णांचे त्यात दोन गट केले होते. तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील ग्रंथीही काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, तर मानेच्या शस्त्रक्रियेसाठी गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. निदान सर्वांचेच तुकडा तपासून झाले होते. पाते लागल्याने रोग पसरत असता, तर जास्त शस्त्रक्रिया झालेल्या गटाचे हाल अधिक व्हायला हवे होते.

कॅन्सरची मानेतील गाठ बहुधा टणक असते आणि दुखत नाही, म्हणून न दुखणे हे दिलाशाचे लक्षण नव्हे. चोळण्याने ती विरघळत नाही. मशेरी तव्यावर काळी होईपर्यंत भाजली तरी ती तंबाखूच राहते, आणि तोंडात धरण्याच्या तंबाखूने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेले आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. तोंड व घसा नीट न तपासता मानेतील गाठच थेट कापून तिचा तुकडा काढला, तर पुढची शस्त्रक्रिया अवघड होऊ शकते. म्हणूनच तेथे आधी बारीक सुईने तपासणी करतात. तोंडातील जखमेला हा नियम लागू होत नाही. तेथे जागा बधिर करून लहानसा तुकडा घेतात, आणि त्याशिवाय उपचार ठरवता येत नाहीत.