जास्त ताकदीचं इंजिन का टाकलं नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. माझ्या जुन्या महिंद्रा कमांडर जीपमध्ये महिंद्राचंच डीआय (डायरेक्ट इंजेक्शनचं साधं डिझेल) इंजिन बसवल्याचा लेख मी लिहिला होता. त्यावर "एवढा खर्च करून जुन्या जमान्याचं डीआय इंजिन टाकलं, त्यापेक्षा स्कॉर्पिओचं एमहॉक टाकलं असतं तर गाडी उडाली असती, तुम्ही लोकांना चुकीची वाट दाखवताय," असं तुम्ही लिहिलंत. दोन दिवस विचार करून उत्तर लिहितोय.

एमहॉक उत्तम इंजिन आहे. २१७९ सीसी, १२० अश्वशक्ती, धूर कमी, ॲव्हरेज चांगलं. यात तुमचं म्हणणं खरं. पण माझी गाडी जुनी फोर व्हील कमांडर, म्हणजे चारही चाकांना जोर जाणारी. मागे झोपायची फळी, शेगडी, पाण्याची टाकी. मूळचं प्यूजो इंजिन २११२ सीसीचं, जोर यायला त्याला जास्त फेऱ्यांवर फिरवावं लागायचं. शहाद्याहून तोरणमाळला निघालं की सात पायरी घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जीव जायचा. तिथे मला वेग नको होता, मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांवर ओढणारं इंजिन हवं होतं. २५२३ सीसीचं डीआय ते करतं.

आता खरी अडचण. फोर व्हील गाडीत इंजिनाखालून पुढचा एक्सल जातो. ऑइल चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचा, खोलगट भाग चुकीच्या बाजूला आला, तर स्प्रिंग दबल्यावर एक्सल थेट चेंबरवर आदळतो. मग इंजिन वर उचला, की बॉनेट बसत नाही आणि प्रॉपेलर शाफ्टचा (एक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो. डीआय इंजिन याच घराण्यातल्या फोर व्हील गाड्यांत कंपनीने स्वतः बसवलेलं आहे. २०१० ला आलेल्या डीआय थारमध्येही २५२३ सीसीचंच होतं. त्यामुळे त्याचं चेंबर आणि फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते आधार) शोधता येतं. एमहॉकसोबत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग, सेन्सर, इंटरकूलर आणि दुप्पट जोर सोसणारा गिअरबॉक्सही आणावा लागला असता. सातपुड्यात धडगाव-मोलगीकडे सेन्सर गेला तर कोण बघणार? डीआयचा पंप आणि नोजल आमच्या भुसावळचा मिस्त्री डोळे झाकून खोलतो.

आणि ऊन. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता, आणि कमांडरच्या तोंडात रेडिएटरला जागा तेवढीच. मी रेडिएटर नवीन कोअरचा घेतला, बोअरचं पाणी ओतणं कायमचं बंद केलं. त्या पाण्याच्या क्षाराने आधीच्या इंजिनाचं हेड गॅसकेट गेलं होतं.

कागदांचं मी लेखात लिहिलंच नव्हतं, ती चूक माझी. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ पाहा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं, की उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही. म्हणून आपल्या मनाने इंजिन बदलू नका: आधी आरटीओची लेखी परवानगी, ती मिळाली तरच काम, मग आरसी बुकात नवा इंजिन नंबर. भंगारातून बिलाशिवाय इंजिन उचलू नका; अपघात झाला तर विमा तिथेच अडतो.

दुसरीही गोष्ट राहिली होती. डीआय कमी फेऱ्यांचं इंजिन, आणि माझे क्राऊन-पिनियन (एक्सलमधले चाकं फिरवणारे गिअर) जुन्या इंजिनाच्याच हिशोबाचे आहेत. धुळ्याच्या हायवेवर सत्तरच्या पुढे ते ओरडतं. पुढच्या महिन्यात पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलचे क्राऊन-पिनियन बदलतोय. फोर व्हीलमध्ये एकच बदलून चालत नाही, पुढचं-मागचं गुणोत्तर सारखंच लागतं.

तुमच्याकडे कोणती गाडी आहे ते लिहा. चेंबरचा खोलगट भाग पुढे आहे की मागे, तेवढं खाली वाकून बघून कळवा, मग इंजिनाचं बोलू.