हार्मोनचं इंजेक्शन घरी घेणं ‘जिवाशी खेळ’ आहे का?

नागपुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरून राहिला आहे: ‘कॅन्सरचं हार्मोनचं इंजेक्शन स्वतः टोचणं म्हणजे जिवाशी खेळ. हवेचा बुडबुडा गेला की हार्ट बंद. म्हाताऱ्यांना ते जमत नाही. नर्सचा पगार वाचवायला हॉस्पिटलवाले शिकवतात.’

बुडबुड्याचं आधी. प्रोस्टेट कॅन्सरसाठी ल्युप्रोलाइडचं रोज घ्यायचं इंजेक्शन असतं. ते कातडीखालच्या चरबीत जातं, शिरेत नाही. तिथं राहिलेली थोडीशी हवा शरीर शोषून घेतं. बुडबुडा काढायचा तो डोस कमी पडू नये म्हणून.

म्हाताऱ्यांना जमत नाही? महाल-सक्करदऱ्यातल्या कितीतरी आजीबाई रोज इन्सुलिन टोचून घेतात, बाप्पा! हात थरथरत असेल, नजर अधू असेल तर मुलाला, सुनेला शिकवावं. नर्स आधी दाखवते, मग आपल्याकडून करून घेते.

मेसेजची खरी चूक मात्र वेगळीच आहे. त्यानं सगळी इंजेक्शनं एका माळेत ओवली. स्तनाच्या कॅन्सरसाठीचं फुलवेस्ट्रंट घ्या. पूर्ण डोस 500 मिलिग्रॅमचा, म्हणजे 5-5 मिलीची दोन इंजेक्शनं, दोन्ही कुल्ल्यांच्या स्नायूत एकेक, प्रत्येकी मिनिट-दोन मिनिटं सावकाश. जवळूनच पायाकडे जाणारा मोठा मज्जातंतू (नर्व्ह) जातो. हे स्वतःच्या हातानं करायचं काम नाही. प्रोस्टेट किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठीचं गोसेरेलिन पोटाच्या कातडीखालीच जातं, पण ती औषधाची छोटी कांडी असते आणि सुई चांगलीच जाड. तेही शिकलेल्या हातानंच. तेव्हा ‘मला कोणतं लिहून दिलंय’ हे आधी डॉक्टरांना विचारा.

पगार वाचवण्याच्या आरोपावर एवढंच, की गडचिरोली-गोंदियाहून नागपूरच्या मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला) किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला यायचं तर पेशंटची आणि सोबतच्याची, दोघांचीही मजुरी बुडते. रोजच्या इंजेक्शनासाठी हे परवडेल कोणाला? तपासणीला मात्र यावंच लागतं. ल्युप्रोलाइड देतात ते टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी करायला, पण सुरू करताना पहिले काही दिवस ते उलटं वाढतं, हाडं जास्त दुखू शकतात, लघवी अडू शकते. म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हावी.

मेसेजमध्ये नसलेला एक धोका नागपूरकरांना ठाऊक हवा. मे महिन्यात इथं पारा 45 पर्यंत जातो. औषध गाडीच्या डिकीत ठेवू नका, खोक्यावर लिहिलेलं तापमान पाळा. वापरलेल्या सुईला परत टोपण लावू नका. ती जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या डब्यात टाका आणि डबा भरत आला की हॉस्पिटलमध्ये द्या, घंटागाडीत नाही.