उद्यापासून, म्हणे

आमच्या बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या फक्त बाबाच लिहू शकतात, आणि बाबा काही लिहून नाही राहिले.

नागपुरातल्या अंबाझरी लेआउटकडच्या, सकाळी फिरायला जाणाऱ्या चाळीसेक मंडळींचा हा ग्रुप. गुलाबाच्या फुलांचे सुप्रभात, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कोणत्या गल्लीत आज नळ नाही आला, असलं सगळं. मला त्यात उगीचच घेतलेलं आहे. रविवारी तो एकदम चिडीचूप. फोन केला तर बाबा म्हणाले, "फोनवर नको. घरी ये." मला वाटलं, रक्ताचा रिपोर्ट वाईट आला. मनीषनगरहून गाडी काढली, वर्धा रोडच्या गर्दीत मनात नको नको ते येऊन गेलं. पोहोचले तर त्यांनी आधी टीव्हीचा आवाज वाढवला, म्हणजे बाहेर ऐकू जायला नको, आणि मग मोबाइल माझ्यासमोर धरला.

मेसेज तुम्हीही पाहिला असेल. थोडक्यात असा: उद्यापासून नवीन संप्रेषण नियम लागू. सर्व कॉल रेकॉर्ड होतील. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, ट्विटर सर्वांवर नजर. आपले फोन मंत्रालयाच्या सिस्टमशी जोडले जातील. सरकारविरुद्ध, राजकीय किंवा धार्मिक मेसेज लिहिणे वा पाठवणे गुन्हा, वॉरंटशिवाय अटक. ग्रुप अ‍ॅडमिनवर पहिली करवाई. तीन निळ्या टिक म्हणजे सरकारने मेसेज पाहिला, दोन निळ्या एक लाल म्हणजे करवाई होऊ शकते, तीन लाल म्हणजे कोर्टाचा समन्स निघाला. गांभीर्याने घ्या. सर्व ग्रुपवर पाठवा.

बाबा ७४ वर्षांचे, शाळेतून निवृत्त. बत्तीस वर्षं ज्यांनी पोरांच्या वह्यांतले ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने सुधारले, त्यांना या मेसेजमधली 'करवाई' दोनदा वाचूनही खटकली नाही. यावरून ते किती घाबरले होते ते कळावं.

पहिला शब्दच घ्या, 'उद्यापासून'. हा मेसेज मी पहिल्यांदा पाहिला नोव्हेंबर २०१९ मध्ये, अयोध्येचा निकाल येणार होता तेव्हा. मग लॉकडाऊनमध्ये. मग १७ मार्च २०२५ ला नागपूरच्या महाल भागात दंगल झाली, संचारबंदी लागली, तेव्हा. प्रत्येक वेळी नियम उद्यापासूनच. किराणा दुकानात 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी असायची नं, त्यातला हा उद्या आहे.

आता अ‍ॅडमिनचं. बाबा ग्रुपचे अ‍ॅडमिन, त्यांना घाबरवलं ते या ओळीने, आणि राग मला याच ओळीचा सगळ्यात जास्त आहे. कारण याचं उत्तर दिल्ली-मुंबईहून मागवायचं कामच नाही, ते आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये दिलेलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ ला. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं. ग्रुपमधल्या एका सदस्याने एका महिला सदस्याबद्दल घाणेरडी भाषा वापरली, अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही की माफी मागायला लावली नाही, म्हणून २०१६ मध्ये अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. दोन न्यायमूर्तींनी तो रद्द केला. त्यांचं म्हणणं साधं आहे: अ‍ॅडमिनच्या हातात असतं काय, तर माणसं घेणं आणि काढणं. कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही, लिहिलेलं तो आधी तपासू शकत नाही. दुसऱ्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरावं असं सांगणारं कलम लागतं, आणि तसं कलम नाही. हां, अ‍ॅडमिन आणि लिहिणारा यांनी संगनमत करून, आधी ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी. आता पहाटे साडेपाचला सुप्रभातचं फूल टाकणाऱ्या देशपांड्यांशी बाबांनी काय संगनमत केलं असेल ते तुम्हीच ठरवा. (देशपांडे हे नाव मी बदललं आहे, फूल तेच आहे.)

बाबा म्हणाले, "पण पोलीस सांगतात नं अ‍ॅडमिनला, लक्ष ठेवा म्हणून?" सांगतात. वातावरण तापलं की सांगतात आणि सांगावंही. भडक काही दिसलं तर पुसा, तसा माणूस काढा, यात गैर काय? पण काळजी घ्या म्हणणं वेगळं आणि 'पहिली करवाई तुमच्यावर' म्हणणं वेगळं.

बरं, ग्रुप बंद झाला म्हणून काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. २३ सप्टेंबर २०२३ आठवतो? रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. पहाटे 'आमच्या फाटकापर्यंत पाणी आलं, गाड्या काढा' हे बाबांना कळलं ते याच ग्रुपवरून, कुठल्या भोंग्यावरून नाही. खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकूंना वर आणलं तेही यावरच्या एका ओळीमुळे. उद्या तसंच पाणी आलं तर ती ओळ टाकणार कुठे? आधी बाबांना उठवा, त्यांनी चष्मा शोधायचा, मग टाकायचं. ज्याने कुणी हा मेसेज पहिल्यांदा लिहिला असेल त्याला गाठून विचारावंसं वाटतं, पण तो काही सापडणार नाही.

आता 'राजकीय किंवा धार्मिक मेसेज लिहिणे गुन्हा'. एके काळी आपल्याकडे याच्या जवळपास जाणारं एक कलम होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली, त्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक! लाइक करणारीलाही. त्यानंतर दिल्लीची एक कायद्याची विद्यार्थिनी, श्रेया सिंघल, सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ ला ते कलमच रद्द झालं. चर्चा करा, मत मांडा, अगदी कुणाला न आवडणारं मत मांडा, त्याला घटनेचं संरक्षण आहे. चिथावणी दिली की प्रश्न येतो, असा त्या निकालाचा गाभा.

आता नाइलाजाने काही कबुल्या. ६६-अ रद्द झाल्यावरही कित्येक ठिकाणी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवतच राहिले, आणि हे बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं. दुसरं, धर्म-जातीच्या नावाने द्वेष पसरवणाऱ्या मजकुरावर आज भारतीय न्याय संहितेची १९६ आणि ३५३ ही कलमं लागतात, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. तेवढा भाग मेसेजने खरा उचललाय. महालच्या वेळी जाळलेल्या चादरीवर पवित्र मजकूर होता अशी अफवा उठली आणि तिने काय केलं ते या शहराने पाहिलं. त्यानंतर समाजमाध्यमांवरच्या भडकाऊ मजकुराबद्दल सायबर पोलिसांनी गुन्हे दाखल केले. ते सगळे कोर्टात टिकतील का, हा वेगळा विषय. पण 'त्या लोकांना धडा शिकवा' असं लिहिणं आणि 'नगरसेवक पाच वर्षांत फिरकला नाही' असं लिहिणं यात फरक आहे, आणि मेसेज नेमका तो फरकच पुसतो. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी कर्जमाफीच्या आंदोलनात नागपूर-वर्धा महामार्ग अडला होता, तेव्हा बाबांच्या एका मित्राने ग्रुपवर टाकलं, 'बुटीबोरीकडे जाऊ नका, ट्रॅक्टर उभे आहेत'. आणि दहा मिनिटांत पुसलं. का, तर राजकीय होतं म्हणे. रस्ता बंद आहे हे सांगणंसुद्धा राजकीय!

टिकांचं प्रकरण मला खरं तर दोन ओळींत उडवायचं होतं. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने, म्हणजे पीआयबीच्या फॅक्ट चेकने, हे खोटं आहे असं २०२० मध्येच जाहीर केलं आहे. विषय संपला. पण बाबांनी मला भिंग दाखवलं. पेपर वाचायचं त्यांचं भिंग. ते घेऊन त्यांनी मागच्या दोन महिन्यांतले आपले मेसेज तपासले होते. "एकावर तांबूस दिसून राहिली," म्हणाले. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून माझ्या मुलानेच दिवाळीत त्यांच्या फोनचा पडदा पिवळसर करून दिला होता. तो पिवळेपणा बंद केला, टिक निळी झाली. मी हसले, ते नाही हसले. दोन रात्री झोपले नव्हते.

जरा विचार तरी करा. सरकारला तुमची चौकशीच करायची असेल तर ते तुम्हाला रंगीत खुणा करून आधी कळवेल? धाड टाकायच्या आधी पोलिसांनी चोराला मिस्ड कॉल दिल्यासारखं झालं हे. समन्सचंही तसंच. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायची सोय आहे, खरं आहे. पण त्यावर न्यायालयाचा शिक्का किंवा डिजिटल सही लागते. टिकचा रंग लागत नाही.

'सर्व कॉल रेकॉर्ड.' देशात मोबाइल जोडण्या ११० कोटींच्या वर आहेत. प्रत्येकावर दिवसाला पाचच मिनिटं धरा, आमच्या आत्याचे फोन सोडून. ५५० कोटी मिनिटं. ती ऐकायला चोवीस तास न झोपता बसणारी ३८ लाख माणसं लागतील. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर २४ लाखांचं होतं. म्हणजे दीड नागपूर कानाला हेडफोन लावून बसवायचं. मुलगा म्हणतो, आई, आता माणसं नाही ऐकत, मशीन ऐकतं. बरं बाबा, मशीन. तरीही फोन ऐकायचा तर कायद्यात वाट ठरलेली आहे: २०२३ चा दूरसंचार कायदा, त्याखालचे डिसेंबर २०२४ चे नियम, केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा लेखी आदेश, एका वेळी ६० दिवस, वाढवून फार तर १८०, वर आढावा समिती. विशिष्ट माणसाचा किंवा विशिष्ट विषयापुरता. सरसकट सगळ्यांचा नाही.

कागदावरची वाट आणि पायाखालची वाट एकच असते असा माझा दावा नाही, आणि मला कुणी भोळी म्हणू नये म्हणून हेही सांगते. पेगॅसस नावाच्या हेरगिरीच्या प्रणालीने काही भारतीयांच्या फोनना लक्ष्य केलं, हे २०१९ मध्ये खुद्द व्हॉट्सअ‍ॅपने सांगितलं, आणि तसा इशारा आपल्याला आला हे जाहीर सांगणाऱ्यांत नागपूरचे एक वकीलही होते. तेव्हा पाळत असतेच कुठे, असं मी म्हणणार नाही. पण ती ठरावीक माणसांवर असते, गुपचूप असते, आणि तिच्या आदल्या दिवशी मेसेज फिरत नाही. बाबांचा फोन हॅक करून कुणाला काय मिळणार? वीजबिलाच्या तक्रारी आणि गुडघ्याच्या तेलाचा पत्ता.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर २०१६ पासून पाठवणारा आणि घेणारा या दोघांच्या फोनखेरीज मध्ये कुठे उघडत नाही. बाहेर जातो तो बहुतेक वेळा फोन जप्त झाला तर, नाही तर ग्रुपमधल्याच कुणी स्क्रीनशॉट काढला तर. म्हणजे काळजी करायचीच असेल तर सिस्टमची नको, देशपांड्यांची करा.

राहिलं 'मंत्रालयाच्या सिस्टमशी फोन जोडणार'. एका सरकारी कार्यालयात माझ्या आईच्या नावातली वेलांटी दुरुस्त व्हायला चौदा महिने लागले, तिथले दोन टेबल एकमेकांना जोडलेले नव्हते. शिवाय हिवाळी अधिवेशनाला अर्धं मंत्रालय नागपुरातच येतं, तेव्हा वायर कुठून कुठे टाकणार कोण जाणे. पुढे जाऊ.

शेवटची ओळ, 'सर्व ग्रुपवर पाठवा'. मेसेज पाठवणं गुन्हा आहे असं सांगणारा हा मेसेज सगळ्यांना पाठवा! बाबांनी तो अकरा जणांना पाठवला होता. डोक्यावर दोन बाण आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असं लिहिलेलं असूनही. तसा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो, म्हणून बाबांनी अकरा वेळा बसून पाठवला. ही मर्यादा आली कशी तेही त्यांना सांगितलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना लोकांनी ठेचून मारलं. डवरी गोसावी समाजाची, सोलापूरकडची माणसं. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या मेसेजवर लोकांचा विश्वास बसला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर पाचची मर्यादा घातली, एकाची नंतर २०२० मध्ये आली. त्या गावात तेव्हा मेसेज पाठवणाऱ्यांनाही वाटलंच असेल की आपण लोकांना सावध करून राहिलो.

यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मग टीव्हीचा आवाज कमी केला.

ग्रुप त्यांनी अजून उघडलेला नाही. खंडपीठाच्या त्या निकालाची छापील प्रत आणून दे म्हणाले, मोबाइलवर नको. आणि मराठीत मिळते का तेही विचार.