टीव्हीमागचा ताप

चैत्रातला रविवार. संध्याकाळचे सात वाजले होते, शेवटच्या षटकात अकरा धावा हव्या होत्या, बाबा खुर्चीच्या अगदी टोकावर आले होते, आणि टीव्हीवरून सामना गेला. त्याच्या जागी एक पाटी आली : उपकरण फार गरम झालं आहे, कृपया थंड होऊ द्या.

"कृपया म्हणतायत," बाबा म्हणाले, "म्हणजे पाटी पुण्याची नाही."

तेवढ्यात शेजारून नानांची आरोळी ऐकू आली. त्यावरूनही निकाल कळेना, कारण नाना जिंकल्यावर आणि हरल्यावर सारखेच ओरडतात.

"काय झालं रे?" स्वयंपाकघरातून आई.

"काही नाही, काडी तापलीय."

"पेटली?" आई पाण्याचा तांब्या घेऊनच बाहेर आली.

काडी म्हणजे आमची स्ट्रीमिंग स्टिक. टीव्हीच्या पाठीत एचडीएमआयच्या भोकात खुपसलेली, अंगठ्यापेक्षा जराशी मोठी काळी वस्तू. दुकानदार तिला स्टिक म्हणाला, आईने तिचं लगेच बारसं केलं. तांब्या आईच्या हातून काढून घेतला आणि मी टीव्हीमागे हात घातला.

हाताला लोकर लागली.

टीव्हीच्या मागे हाताला काय काय लागू शकतं याची माझी तयारी होती. जळमट, पाल, फार तर पालीचं अंडं. लोकरीची नव्हती. मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं तर काडीच्या अंगात क्रोशाने विणलेली गुलाबी कुंची होती. खाली नाडी. नाडीची नीट सुरगाठ.

"मीच विणलीय, जानेवारीत," आई म्हणाली. "किती धूळ बसायची तिच्यावर! आणि थंडीही होती."

आमच्या घरात उघडं असं काही राहत नाही. मिक्सरला झगा आहे, फ्रीजच्या दांड्याला मोजा आहे, रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत राहतो आणि पिशवीला रबरबँड असतो. तेव्हा काडीने तरी काय पाप केलं होतं? कुंची काढली. काडी एवढी कढत होती की मी ती या हातातून त्या हातात, गरम बटाट्यासारखी उडवत उभा राहिलो.

निदान झालं असं वाटून आम्ही सगळे हसलो. सोमवारी दुपारी साडेतीनला, कुंची नसताना, पाटी पुन्हा आली.

आता थोडं घराबद्दल सांगायला हवं. कोथरूडमधला सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर गच्ची, आणि टीव्हीची भिंत नेमकी पश्चिमेची. ती दुपारभर ऊन पिते आणि दिवेलागणीला आमच्या अंगावर ओतते. त्यात दोन वर्षांपूर्वी फर्निचर केलं तेव्हा बायकोची एकच अट होती, एकही वायर दिसता कामा नये. सुताराने ती मनावर घेतली. टीव्ही प्लायच्या कोनाड्यात असा बसवला की मागे बोटभर फट राहिली, आणि त्या फटीत टीव्हीची स्वतःची ऊब, भिंतीची ऊब आणि मध्ये बिचारी काडी.

शेजारचे नाना पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. ते न बोलावता आले. "अरे, ही काडी म्हणजे अख्खा कॉम्प्युटर आहे," म्हणाले. "प्रोसेसर आहे, मेमरी आहे, वायफाय आहे. कॉम्प्युटरला पंखा असतो, हिला कुठाय? आतली उष्णता प्लॅस्टिकच्या अंगातून बाहेर येणार आणि हवेत जाणार. हवाच हलत नसेल तर जाणार कुठे? मग चिप तापली की आधी आपणहून कामाचा वेग कमी करते. तेवढ्याने भागलं नाही की पाटी लावते. आणि मग आडवी होते."

"आमच्याकडे मे महिन्यात एक जण पाटी न लावताच आडवे होतात," बायको म्हणाली. माझ्याकडे न बघता.

माहितीपत्रक शोधलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं की खोलीचं तापमान 35 अंशांपर्यंत असावं. शिवाजीनगरचा पारा त्या दिवशी 39 होता. म्हणजे कंपनीच्या हिशेबाने पाडव्यापासून मृगापर्यंत आमचा हॉल राहण्यालायकच नाही.

शिवाजीनगरचा पारा म्हटल्यावर बाबा सरसावून बसले. बाबांची सगळी नोकरी वेधशाळेत गेली. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यात आलं, त्यामुळे त्या इमारतीला जुने लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. "आमच्या ऑफिसच्या नावातच थंडी होती," हे बाबा दर उन्हाळ्यात एकदा म्हणतात. ते म्हणून झालं आणि त्यांनी कपाटातून दोनशे पानी वही काढली. "अंदाजपंचे काही करायचं नाही. आधी नोंदी."

थर्मामीटर काडीला लावता येईना. तेव्हा आई पोरांचा ताप बघते तसा, उलट्या हाताने बघायचं ठरलं. पण नोंद शब्दांत कशी करायची? यावर माझ्या आईवडिलांमध्ये पाऊण तास चर्चा झाली. आईचं म्हणणं, नुसतं 'गरम' ही काय नोंद आहे का? कोमट वेगळं, ऊन वेगळं. ऊन पाण्याने तान्ह्याला न्हाऊ घालतात, कढत पाण्याने नाही. कढतच्या वर चटका. आणि चटक्याच्या वर? "त्यानंतर नोंद करायला माणूस राहत नाही," बाबा म्हणाले, आणि वहीत रकाने आखले. माझ्याजवळ त्या वहीच्या पहिल्या पानाचा फोटो आहे :

सकाळी 8 — कोमट. सकाळी 11.30 — ऊन. दुपारी 1 — कढत. दुपारी 3.15 — चटका (निरीक्षकाचं बोट तोंडात).

पण खरा शोध लागला तो पहाटे पाचच्या नोंदीत. टीव्ही रात्री साडेदहाला बंद केलेला, आणि पहाटे काडी कोमट! बाबांनी मला उठवलं. "अरे, ही रात्रभर जागी असते!" खरंच होतं ते. रिमोटचं बटण दाबलं की झोपतो तो टीव्ही. काडीचा अडॅप्टर भिंतीत चालूच, ती आपली डुलक्या काढत गरम होत बसलेली. आई तर भलतीच खूश झाली. गेली चाळीस वर्षं ती घरातलं प्रत्येक बटण भिंतीशी जाऊन बंद करते आणि गेली चाळीस वर्षं आम्ही तिला हसतो.

मी म्हटलं, मग अडॅप्टर काढूनच टाकू, टीव्हीच्या यूएसबीतून वीज देऊ, दोघं बरोबर उठतील आणि बरोबर झोपतील. नाना म्हणाले, नको. मी ऐकलं नाही. टीव्हीच्या साध्या यूएसबीतून मिळतात 500 मिलीअँपिअर, काडीला तिच्या अडॅप्टरमधून मिळत होता पुरा एक अँपिअर. म्हणजे अर्ध्या शिध्यावर आणलं. काडी दर वीस मिनिटांनी मान टाकायची आणि पहिल्यापासून सुरू व्हायची. दोन दिवसांत अडॅप्टर परत आला. नाना काही बोलले नाहीत, पण जिना उतरताना शीळ घालत गेले.

मग सेटिंगमध्ये जाऊन चित्र फोर-केवरून फुल एचडीवर आणलं. फोर-केच्या एका चित्रात 83 लाखांच्या आसपास ठिपके असतात, फुल एचडीत साधारण 21 लाख. चौपट ओझं कशाला वाहायला लावायचं? चिरंजीवांनी तोंड फुगवलं, "सगळं धुरकट दिसतंय." आई म्हणाली, "मला नाही बाई फरक वाटत. उलट त्या सासूच्या सुरकुत्या गेल्या." या उपायाने साडेतीनची पाटी साडेचारवर गेली.

याच चिरंजीवांनी एके दिवशी सुटीच्या कंटाळ्यात आपला उपाय केला. दुपारी काडी जागेवर नाही. शोधाशोध. शेवटी आईने पन्ह्याची बाटली काढायला फ्रीज उघडला, तर अंड्यांच्या खणात, दोन अंड्यांच्या मधोमध, काडी. बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि बघता बघता तिच्या अंगावर दव फुटलं. गार पाण्याच्या स्टीलच्या पेल्याला फुटतं तसं, बारीक बारीक, मग एकेक थेंब ओघळायला लागला. नाना धावत आले. "लावू नका! हात लावू नका! तसंच आतही पाणी धरलं असेल." काडीला दिवसभर पंख्याखाली वाळत ठेवायचं ठरलं. तो नेमका गुरुवार निघाला. पुण्यात लाइट जायचा वार. आईने काडी ताटलीत ठेवली आणि सांडग्यांशेजारी बसून तिला वर्तमानपत्राने वारा घातला. सांडगे आधी वाळले.

"हीट सिंक लाव," नानांनी निर्वाणीचा सल्ला दिला. "तपकीर गल्लीत मिळेल."

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळत नाही अशी इलेक्ट्रॉनिक वस्तू नाही, फक्त तिचं नाव तुम्हाला माहीत असलं पाहिजे. स्कूटर पार अप्पा बळवंत चौकाच्या अलीकडे लावून, उन्हात डोक्यावर रुमाल टाकून चालत गेलो. दुकानदार सोल्डरिंग करत होता. मान वर न करता म्हणाला, "बोला."

"हीट सिंक पाहिजे."

"केवढा?"

मी अंगठा दाखवला.

"अंगठ्याला बसवायचाय?"

मी सगळी कहाणी सांगितली. कुंचीपासून. त्याने सोल्डरिंग बाजूला ठेवलं, डबा ओतला आणि त्यातून एक ॲल्युमिनियमचा तुकडा काढला. खाली सपाट, वर उवांच्या फणीसारखे दाते. "दात्यांमुळे हवेला लागणारी जागा वाढते," तो म्हणाला, "पण हवा पाहिजे हं. कोंडवाड्यात ठेवलात तर हा पण तापेल, मग दोघं तापतील." वर उष्णता वाहून नेणाऱ्या चिकटपट्टीचा तुकडा दिला, आणि मी निघालो तेव्हा पाठीमागून हाक मारली, "कुंची टाकू नका! गिऱ्हाइकांना सांगायला फोटो पाठवा."

हीट सिंक झकास चिकटला. इतका की काडीचं वजन वाढलं. तिसऱ्या रात्री मालिकेतली सून "मी हे घर सोडून..." एवढं म्हणाली, मागे खट्कन आवाज झाला आणि पडदा निळा. काडी फणीसकट घसरून प्लायच्या फटीतून खाली, थेट कोनाड्याच्या पोटात. सून घर सोडून गेली की नाही हे कळायला आईला चार दिवस लागले, कारण सुतार "उद्या येतो" म्हणाला होता.

त्याने मागचा प्लाय उघडला, आत डोकावला आणि तोंड वाकडं केलं. "काय हे काम! हवेला जागा नाही ठेवली. कुणी केलंय?"

"तुम्हीच."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तेव्हा वहिनींनी सांगितलं होतं."

कोनाड्याच्या पोटातून काडी निघाली. शिवाय एक कंगवा, तीन गोट्या, बँकेच्या पासबुकातलं सुटलेलं पान आणि दोन वर्षांची धूळ. ती हातात घेतली तर चक्क लादीसारखी तुकडा तुकडा उचलली गेली. सुताराने खाली एक आणि वर एक असं साडेतीन-साडेतीन इंचाचं भोक पाडलं. गार हवा खालून येईल, तापलेली वरून जाईल. बाबा त्याच्या मागे उभं राहून सांगत होते, "आमच्या वेधशाळेत थर्मामीटर कशात ठेवतात माहितीये? पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर. चारी बाजूंना झडपा. वारा खेळला पाहिजे, ऊन लागता कामा नये. तुम्ही नेमकं उलटं केलंत." सुतार म्हणाला, "तसंच करून देतो की, काका. सनमायका कुठला लावू?"

आणि हे सगळं चाललं असताना आईने माळ्यावरून काडीचं खोकं काढलं. आई खोकी टाकत नाही. आमच्या माळ्यावर अशा एका इस्त्रीचं खोकं आहे, जी इस्त्री माझ्या मुंजीत आली आणि माझ्या लग्नाआधी गेली. तिला काडी रात्रीपुरती खोक्यात ठेवायची होती. पुठ्ठ्याचा कप्पा उचलला, तर त्याखाली प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत वीतभर काळी वायर. एका टोकाला काडीचं तोंड, दुसऱ्या टोकाला तसंच भोक.

"ही कशाची रे?"

नानांनी ती हातात घेतली. चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. "एक्स्टेंडर," म्हणाले. "काडी टीव्हीला चिकटू नये, लांब लोंबावी, म्हणून हा देतात. खोक्यातच असतो."

बायको माझ्याकडे बघत राहिली. "मी तेव्हा विचारलं होतं तुला, ही वायर कशाची. तू म्हणालास, एक्स्ट्रा आहे."

मी सुताराला चहा विचारायला आत गेलो.

आता काडी टीव्हीच्या डाव्या कडेने, खिडकीच्या बाजूला, कानातल्या डुलासारखी लोंबते. फणी काढली. वायर दिसते. बायकोने ते मान्य केलंय, पण पाहुण्यांची लिफ्ट खालून निघाली की ती आत ढकलते आणि पाहुणे गेले की बाहेर ओढते. मे महिना सरला, पाटी पुन्हा आली नाही. बाबांच्या वहीत दुपारी तीनच्या रकान्यात ओळीने 'ऊन, ऊन, ऊन' आहे, आणि समासात, बारीक अक्षरात, 'हॉल — कढत. निरीक्षक — चटका'.

परवा पहिला पाऊस झाला. खिडकीतून गार वारा आला, बाबांनी वही मिटून कपाटात ठेवली. मी टीव्ही लावायला उठलो तर आई काडीजवळ उभी. चष्मा नाकावर, तोंडात सुई, आणि काडीच्या कमरेभोवती लोकरीचा धागा गुंडाळून ती माप घेत होती.

"आई!"

"अरे, ओल धरेल ना आता," ती म्हणाली. "आणि ओरडू नकोस, या वेळी जाळीची विणतेय."